वर्ध्याहून निघालेल्या दोन यात्रा

काही वर्षांपूर्वी वर्ध्यात एका सेवाकार्याच्या मदतीसाठी पदयात्रा निघाली होती. तिच्या स्वयंसेवकांत आम्हीही होतो. पहाटे रस्त्याच्या कडेला टेबल मांडून पाण्याचे पेले भरायचे आणि चालणाऱ्यांनी घरोघरी फिरून जमविलेल्या पैशांची पाकिटे घेऊन वहीत नोंद करायची, एवढेच आमचे काम. नऊच्या सुमारास ऊन चढले, मंडळी पांगली. अशा पदयात्रा ही पाश्चात्त्यांची प्रथा असून ती आपल्याकडे अलीकडे आली, असे एका तरुण सोबत्याने पेले आवरता आवरता सांगितले. बनियन, बिल्ले आणि बँडबाजा यांपुरते ते खरेही असेल. परंतु ज्या गावात आम्ही उभे होतो, त्या गावाचा या विषयाशी संबंध फार जुना आहे.

ऑगस्ट १९३३ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी सप्टेंबरात वर्ध्यास आले. शिक्षेची मूळ मुदत संपेपर्यंतचा काळ अस्पृश्यतानिवारणाला द्यायचा, असा त्यांचा निश्चय होता. याच गावात जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुले केले होते. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजी येथून ज्या दौऱ्यावर निघाले, तो इतिहासात 'हरिजन यात्रा' म्हणून ओळखला जातो. (ज्यांच्यासाठी हे नाव योजले, त्यांच्यापैकी अनेकांना ते मान्य नव्हते व नाही; आम्ही ते केवळ यात्रेचे नाव म्हणून वापरतो.) सुमारे नऊ महिन्यांत साडेबारा हजार मैलांचा प्रवास झाला आणि जवळजवळ आठ लाख रुपये जमले. मागण्यात गांधीजींना संकोच नसे. सहीसाठी ते पैसे घेत, मिळालेल्या भेटवस्तूंचा सभेतच लिलाव करीत. जानेवारी १९३४ मध्ये केरळातील वडकरा येथे कौमुदी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने अंगावरचे दागिने उतरवून दिले. तेव्हा आईवडिलांची संमती आहे ना, आणि पुन्हा नवे दागिने मागणार नाहीस ना, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली.

ही यात्रा बहुतांशी आगगाडीने व मोटारीने झाली. एप्रिलमध्ये देवघरच्या वाटेवर जसिडीह येथे सनातन्यांनी त्यांच्या मोटारीवर हल्ला केला. त्यानंतर ९ मे १९३४ रोजी पुरीहून गांधीजी ओरिसात पायी निघाले. उन्हाळा कडक, गावे दरिद्री. मोटारीने गाठता आली असती तेवढी गावे पायी गाठता येणार नव्हती आणि थैलीही हलकी होणार होती, हे उघड होते. तरीही त्यांनी तीच चाल पत्करली. निधी गोळा करण्याची घाई असलेल्या माणसाने वेग कमी करावा, ही गोष्ट आम्हांला त्या साऱ्या दौऱ्यात सर्वांत विचार करण्याजोगी वाटते.

या दौऱ्याच्या व्यवस्थेचा मोठा भार हरिजन सेवक संघाचे चिटणीस ठक्करबाप्पा यांच्यावर होता. सभेत हजारो हात पुढे येतात. त्यानंतर नाणी मोजणे, दागिन्यांची नोंद करणे, पुढच्या मुक्कामाची सोय पाहणे ही कामे अंधार पडल्यावर कोणीतरी करावी लागतात. त्या कोणीतरींची नावे फारशी उरली नाहीत.

तथापि एक प्रश्न नाण्यांच्या मोजदादीने सुटत नव्हता. नोव्हेंबर १९३२ मध्ये लंडनला जाताना बोटीवरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठक्करबाप्पांना सविस्तर पत्र लिहिले होते. विहिरी, शाळा, रस्ते यांवरील हक्कांसाठी लढा द्यावा आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातूनच घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या पत्राची पोचही आली नाही, असे त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. आमच्या मते हा आक्षेप रास्त होता. ज्यांच्या नावाने झोळी फिरते, त्यांना ती रिकामी करताना बोलावले जात नसेल, तर झोळी कितीही भरली तरी काहीतरी उणे राहते.

दुसरी यात्रा विनोबांची. वर्ध्यापासून पाच मैलांवर धाम नदीकाठी पवनार येथे त्यांचा आश्रम होता आणि तेथे पैशाविना जगण्याचा प्रयोग चालला होता. मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील संमेलनासाठी ते पायीच निघाले. पुढे तेलंगणात १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीच्या भूमिहीनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि गावच्या रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच सप्टेंबरात ते पवनारहून दिल्लीकडे चालू लागले आणि पवनारला परतले ते १० एप्रिल १९६४ रोजी.

कंदील घेऊन पहाटेच्या अंधारात चालणाऱ्या विनोबांचे चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. त्यामागून जे व्हायचे, ते चित्रात येत नाही. दानपत्रावर गट नंबर बरोबर आहे का, जमीन दात्याच्याच नावे आहे का, ती कसण्याजोगी आहे की निव्वळ खडक, हे सारे गावोगाव जाऊन पाहणे कार्यकर्त्यांच्या वाट्याला येई. राज्याराज्यांनी त्यासाठी कायदे केले. वर्धा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याचा भूदान कायदा १९५३ चा आहे. एकूण दान चाळीस लाख एकरांच्या वर गेले. त्यांपैकी फार मोठा भाग भूमिहीनांच्या हाती कधी पोचलाच नाही. चालणारे पुष्कळ मिळाले, मोजणी करणारे कमी पडले.

विनोबांना पैशाच्या बाबतीत हा धोका आधीच दिसला असावा. संपत्तिदानात ते रक्कम स्वतः स्वीकारीतच नसत. दात्याने आपला वाटा आपल्यापाशीच ठेवावा, सुचविलेल्या कामी स्वतः खर्च करावा आणि दरवर्षी हिशेब कळवावा, अशी त्यांची योजना होती. दाता आणि हिशेबनीस त्यांनी एकाच माणसात बसविले. ती फारशी फोफावली नाही, यात आम्हांला नवल वाटत नाही.

त्या सकाळी वर्ध्यात आम्ही नोंदविलेली पाकिटे एकशे चौदा होती. पुढे एकूण किती रक्कम जमली व ती कोठे खर्ची पडली, हे आम्हांला कळले नाही. आम्हीही दोनदा विचारून गप्प बसलो. ती वही अजून आमच्या कपाटात आहे. ती कोणी मागितली नाही.