खतावणीत नसलेली नोंद

इंग्रज अर्थतज्ज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीतली एक विसंगती दाखवली होती. एखाद्या गृहस्थाने घरकामाला ठेवलेल्या पगारी बाईशीच लग्न केले, तर देशाचे उत्पन्न तिच्या पगाराएवढे घटते. स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी पूर्वीसारखीच चालू असतात. बंद होते ती नोंद. स्त्रियांच्या बिनपगारी श्रमांविषयी लिहिताना हे उदाहरण आपल्याकडेही दिले जाते. गेल्या तीसेक वर्षांत याच विसंगतीने संगणकाच्या जगात बस्तान बसवले आहे आणि तिथे तिचा आकार फार मोठा आहे.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, त्याला मुक्तस्रोत म्हणतात. त्याच्या आर्थिक इतिहासाची सुरुवात मी अपाचे या वेब सर्व्हरपासून करतो. संकेतस्थळाचे पान मागणाऱ्याला ते पान काढून देणे, एवढेच वेब सर्व्हरचे काम. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या केंद्रात, रॉब मॅक्कूल यांनी असा एक सर्व्हर लिहिला आणि १९९४ मध्ये ते तिथून बाहेर पडले. कोड उघडा होता, पण पोरका झाला. तो वापरणारे ठिकठिकाणचे लोक आपापल्या गरजेपुरती ठिगळे लावत होते. १९९५ च्या आरंभी ब्रायन बेहलेनडॉर्फ आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी ती ठिगळे एकत्र शिवायला घेतली. एप्रिलमध्ये पहिली आवृत्ती बाहेर आली आणि वर्षभरात हा सर्व्हर जगात सर्वाधिक वापरला जाऊ लागला. १९९८ मध्ये आयबीएमसारख्या कंपनीने स्वतःच्या महागड्या उत्पादनाच्या पोटात तो घेतला. किंमत शून्य.

१९९९ साली दोन गोष्टी घडल्या. अपाचेच्या मंडळींनी आपले प्रतिष्ठान रीतसर नोंदवले. आणि अमेरिकेने राष्ट्रीय हिशेबाची पद्धत सुधारून सॉफ्टवेअरवरचा खर्च ही भांडवली गुंतवणूक मानायला सुरुवात केली. विकत घेतलेले सॉफ्टवेअर किमतीने मोजायचे, कंपनीने स्वतःसाठी लिहून घेतलेले पगाराच्या खर्चाने. नियम रास्तच आहे. पण जगातल्या निम्म्याहून अधिक संकेतस्थळांवर बसलेल्या या सर्व्हरला किंमतही नव्हती आणि त्यावर रात्री जागवणाऱ्या स्वयंसेवकांना त्या कामाचा पगारही नव्हता. पिगूंच्या गृहस्थाचे लग्न लागले होते. पुढे २०१४ मध्ये शेन ग्रीनस्टाइन आणि फ्रँक नेगल या संशोधकांनी अमेरिकेतले अपाचे सर्व्हर मोजले, तेच काम करणाऱ्या विकाऊ सॉफ्टवेअरची किंमत त्यांना लावून पाहिली, आणि २०० कोटी ते १,२०० कोटी डॉलर असा अंदाज बांधला. हिशेबातून निसटलेल्या या मालाला त्यांनी ‘डिजिटल कृष्णद्रव्य’ म्हटले.

इथवर कथा सुखाची आहे. पण जे मोजले जात नाही, त्याच्या डागडुजीसाठी कुणी पैसेही राखून ठेवत नाही. ओपन एसएसएलच्या बाबतीत नेमके हेच घडले.

बँकेच्या पानावर पत्त्याशेजारी छोटे कुलूप दिसते. त्यामागचे सांकेतिकीकरण करणाऱ्या कोडसंचांपैकी सर्वांत प्रचलित म्हणजे ओपन एसएसएल. १९९८ च्या डिसेंबरात, एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या जुन्या कोडवरून तो उभा राहिला. ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री त्यात एक भर पडली. जोडणी जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी एका संगणकाने दुसऱ्याला एखादा शब्द पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, आणि दुसऱ्याने तोच शब्द परत करायचा. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासणारी ओळ राहून गेली. चार अक्षरे पाठवून चौसष्ट हजार सांगितली, तर समोरचा सर्व्हर इमानदारीने शेजारच्या स्मृतीतला मजकूर काढून चौसष्ट हजार भरून देई. त्या मजकुरात पासवर्ड असत, प्रसंगी कुलपाची किल्लीही. ज्याने ही भर लिहिली त्याचे नाव तेव्हा जगभर छापले गेले. इथे त्याची गरज नाही. दुसऱ्याने ती तपासलीही होती. त्याच्याही नजरेतून सुटली.

७ एप्रिल २०१४ रोजी ही चूक ‘हार्टब्लीड’ या नावाने जाहीर झाली, तेव्हा जगातले सुमारे पाच लाख सुरक्षित सर्व्हर उघडे पडल्याचा अंदाज होता. कॅनडाच्या कर खात्याला ऐन विवरणपत्रांच्या हंगामात आपली ऑनलाइन सेवा काही दिवस बंद ठेवावी लागली. तेवढ्यात सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले.

मग लोकांनी विचारले, हा कोड सांभाळतो कोण? पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस, स्टीफन हेन्सन, आणि जोडीला सवडीने काम करणारे मोजके लोक. प्रकल्पाचा व्यवहार पाहणाऱ्या स्टीव्ह मार्केस यांनी सांगून टाकले की निव्वळ देणग्या वर्षाला साधारण दोन हजार डॉलर येतात. बाकी गाडा कंत्राटी कामांवर चालतो. अनेक डोळे पाहत असले की चूक लपत नाही, हा या चळवळीचा आवडता युक्तिवाद. प्रत्यक्षात प्रत्येकजण दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून होता, आणि त्या दुसऱ्यांत अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्याही होत्या. मला दोष त्यांचाच अधिक वाटतो. स्वयंसेवकाने वेळ किती द्यावा याला काही माप नाही. पण ज्या खांबावर इमारत उभी आहे त्याला वाळवी लागली का, हे पाहणे मालकाचे काम. २४ एप्रिलला गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन इत्यादी डझनभर कंपन्यांनी तीन वर्षांसाठी दरवर्षी प्रत्येकी एक लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. त्यांच्या दृष्टीने चहापाण्याचा खर्च. तो सुचायला सतरा दिवस आणि एक जागतिक नाचक्की लागली.

२०२४ मध्ये नेगल यांनी मॅन्युअल हॉफमन आणि यानुओ झोऊ यांच्यासह सगळ्याच प्रचलित मुक्तस्रोत कोडचा हिशेब मांडला. तो कोड एकदा नव्याने लिहून काढायचा, तर खर्च सुमारे ४१५ कोटी डॉलर. पण तो उपलब्धच नसता आणि प्रत्येक कंपनीला आपापला लिहून घ्यावा लागला असता, तर ८.८ लाख कोटी डॉलर. दुसरा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. तो जपून वापरावा, कारण प्रत्येकजण आपली विहीर वेगळी खणेल असे त्यात गृहीत आहे. व्यवहारात कुणीतरी पाणी विकायला बसलेच असते. मला त्याच अभ्यासातले एक छोटे वाक्य जास्त मोलाचे वाटते: या मूल्यातला ९६ टक्के वाटा जेमतेम ५ टक्के लेखकांच्या कोडमधून येतो. म्हणजे हेन्सन हे अपवाद नव्हते.

२०२१ च्या डिसेंबरात याचा पुन्हा प्रत्यय आला. अपाचे प्रतिष्ठानच्याच छत्राखालचा लॉगफॉरजे नावाचा कोडसंच, काम अगदी साधे: दुसरी सॉफ्टवेअरे काय करतात याच्या नोंदी ठेवणे. त्यात २०१३ पासून असलेले भगदाड उघडकीस आले आणि ते बुजवायला स्वयंसेवकच दिवसरात्र बसले. १३ जानेवारी २०२२ रोजी व्हाइट हाउसने या प्रश्नावर बैठक बोलावली. मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती यांच्याबरोबर त्या टेबलाभोवती अपाचेलाही खुर्ची होती.