सामना हीसुद्धा मेहनतच

कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास म्हटला की चषक, गोल आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी आठवते. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत मला त्याच इतिहासाची दुसरी बाजू मांडायची आहे : वाढत्या वयाच्या मुलांना आपण किती पळवले?

आपल्या गावात फुटबॉल तालमींच्या आधाराने वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही संघांची नावेच ते सांगतात. त्यामुळे जोर-बैठकांची शिस्तही मैदानावर आली. दम कमी पडला की मेहनत वाढवायची, एवढा सरळ हिशेब होता. १९६० साली सुब्रोतो चषक सुरू झाला आणि शाळकरी मुलांना दिल्लीचे स्वप्न मिळाले. आम्ही १९८०च्या दशकात खेळत होतो, तेव्हा शाळेच्या स्पर्धा आणि पेठेच्या संघाचे सामने एकाच हंगामात यायचे. आठवड्यात तीन सामने झाले, तरी मधल्या दोन दिवशी नेहमीचाच सराव असे. सरावाची हजेरी लागायची. सामन्याची नोंद मात्र निकालापुरतीच.

आमच्या संघात उजव्या बगलेला खेळणारा एक मित्र नववीत भराभर उंच झाला. त्याच वर्षी त्याला गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले. तेल चोळून तो खेळत राहिला आणि दहावीत प्रेक्षकांत जाऊन बसला. त्याचे निदान कधी झालेच नाही. पण वाढीच्या वयात, उड्या मारणाऱ्या आणि पळणाऱ्या मुलांना नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी होणाऱ्या अशा दुखण्याचे वर्णन बोस्टनच्या ऑसगुड आणि झुरिकच्या श्लाटर या डॉक्टरांनी १९०३ मध्येच केले होते. ऐंशी वर्षांत ते ज्ञान आमच्या मैदानापर्यंत पोहोचले नव्हते.

पुढे मोजमापाचे शास्त्र आले. २०१० साली एका व्यावसायिक संघाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकाऐवजी दोन सामने खेळल्यावर खेळाडूंच्या दुखापतींचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. तेही तयार शरीराच्या, दिमतीला डॉक्टर असलेल्या प्रौढांमध्ये!

अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी १९९०च्या दशकात मांडलेली एक पद्धत तर वही-पेन्सिलीवर जमते. खेळ संपल्यावर थोड्या वेळाने मुलाला विचारायचे, 'दहापैकी किती कठीण गेले?' त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचे. समजा, साठ मिनिटांच्या सरावाला मुलाने ५ गुण दिले, तर भार ३००. सत्तर मिनिटांच्या सामन्याला ८ दिले, तर ५६०. एक सामना आणि चार सराव असलेला नेहमीचा आठवडा होतो १,७६० चा. तीन सामने आणि दोन पूर्ण सराव धरले, तर २,२८०. पण मधल्या दोन दिवशी अर्धा तास हलके पासिंग ठेवले आणि मुलाने त्याला २ गुण दिले, तर बेरीज १,८०० वर येते. सामना हीसुद्धा मेहनतच, हे या वहीत दिसते. उलट, बाकावर बसलेल्या मुलाचा भार त्या आठवड्यात फारच घटतो. त्याला पूर्ण सराव द्यावा लागतो. सगळ्यांना एकच माप लावून चालत नाही.

आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. झोप, परीक्षा आणि उंचीतली वाढ त्यात धरलेली नसते. म्हणून वहीत दर तीन महिन्यांनी उंची लिहावी आणि भराभर वाढणाऱ्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे. दुखणे टिकले तर डॉक्टर, तेल नव्हे.

मुलगा शाळेचा असो वा पेठेचा, त्याचे पाय दोनच असतात. तेव्हा दोन्ही ठिकाणच्या खेळाचा हिशेब एकाच वहीत हवा. यंदा माजी विद्यार्थी निधीतून नव्या चषकाचा विषय निघाला आहे. त्याआधी क्रीडाशिक्षकांच्या हाती ही वही द्यावी आणि पेठांतल्या प्रशिक्षकांना शाळेत बोलावून हंगामाचे वेळापत्रक एकत्र बसून ठरवावे, असे मला वाटते. चषक पुढच्या वर्षीही घेता येईल.