पानिपत : दोष आणि दैव

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला नमविणारा सदाशिवरावभाऊ पराक्रमी ठरला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर हरलेला तोच भाऊ हेकेखोर ठरला. स्वभाव तोच, परिणाम वेगळा. बर्नार्ड विल्यम्स व थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक दैव’ या संकल्पनेद्वारे मांडलेला पेच हाच : जे कर्त्याच्या हाती नाही त्यावरून त्याचा न्याय करावा काय? विश्वासरावाला लागलेली गोळी भाऊच्या हाती नव्हती. यात्रेकरू व कुटुंबकबिला बरोबर वागविणे, रसद तुटल्यावरही तळ न हलविणे हे मात्र त्याचे निर्णय होते. दैव मान्य केल्याने जबाबदारी संपत नाही; तिची मर्यादा तेवढी स्पष्ट होते. शेवट ठाऊक असलेल्या इतिहासकाराने निर्णय तोलावा तो निर्णयाच्या क्षणीच्या ज्ञानावर, पराभवाच्या आकारावर नव्हे.