नॅशच्या गोळ्या

२५ मार्च २००२ ची सकाळ आठवते? आपण सगळे टीव्हीला चिकटलो होतो ते गोवारीकरांच्या ‘लगान’साठी. बाहुली गेली ‘नो मॅन्स लँड’कडे, आणि आपला मूड गेला. त्याच कार्यक्रमात ‘अ ब्यूटिफुल माइंड’ने चार ऑस्कर घेतली: चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि सहायक अभिनेत्री. स्किझोफ्रेनिया झालेल्या जॉन नॅश या गणितज्ञाची गोष्ट. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांत तर हा पिक्चर न पाहणं म्हणजे पापच होतं.

समीक्षकांमध्ये मात्र दोन तट पडले. रॉजर एबर्टने चारपैकी चार तारे दिले. मानसिक आजाराकडे माणुसकीने पाहिलं म्हणून पुष्कळांनी कौतुक केलं. दुसऱ्या बाजूला, सिल्व्हिया नासारचं १९९८ चं चरित्र वाचलेले लोक चिडले. नॅशचा १९६३ चा घटस्फोट गायब, लग्नाआधीच्या संबंधातला मुलगा गायब, ज्यूंविरुद्धची बडबड गायब. ऑस्करच्या आधी तर यावरून कुजबुज मोहीमच चालली, आणि मार्च २००२ मध्ये नॅशला स्वतः टीव्हीवर येऊन बोलावं लागलं. मनोविकारवाल्यांचा आक्षेप वेगळा होता. नॅशला आवाज ऐकू येत. पडद्यावरचा तो रूममेट आणि तो गुप्तहेर त्याला कधीच दिसले नव्हते.

गणितवाल्यांचं दुखणं अजून वेगळं. बारमधला तो प्रसिद्ध सीन आठवा. सगळ्यांनी सोनेरी केसांच्या मुलीला सोडून बाकीच्या मुलींकडे जायचं, म्हणजे सगळ्यांचं भलं! पण हे नॅश समतोलाचं उदाहरणच नाही. समतोल म्हणजे अशी स्थिती, जिथे एकट्याने आपली चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही. इथे तर बाकीचे बाजूला झाले की कुणीही एकजण गुपचूप सोनेरी केसांकडे वळेल. म्हणजे ज्या कामासाठी १९९४ चं नोबेल (हरसान्यी आणि सेल्टनबरोबर) मिळालं, नेमकं तेच चुकलं.

पण मला आज बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. नोबेलच्या सुमाराचा सिनेमातला नॅश सांगतो, की तो नवी औषधं घेतो. खऱ्या नॅशने १९७० नंतर औषधं घेतलीच नाहीत. हे वाक्य मुद्दाम घातलेलं होतं. पटकथाकार अकिवा गोल्ड्समनची आई मानसोपचाराच्या क्षेत्रातली. सिनेमा बघून लोक गोळ्या सोडतील अशी त्याला धास्ती होती, असं नॅशनेच पुढे सांगितलं.

तेव्हा मला हा चक्क खोटेपणा वाटला. डेटा बदलायचा नाही, हा आमचा धर्म!

आता घरचं सांगतो. भंडाऱ्याजवळ, नागपूर हायवेवरचं शहापूर हे माझं आजोळ. मोठा मामा बी.एस्सी.ला गणितात पहिला आलेला, आणि चोविसाव्या वर्षी त्याला आवाज यायला लागले. आजीचं निदान ठरलेलं: “लय शिकला, म्हणून डोस्कं फिरलं.” २००५ च्या दिवाळीत मी त्याला मोठ्या उत्साहाने सीडी दाखवली. त्याला फार आवडली. दोनदा पाहिली. आणि मग मी, चरित्र वाचलेला शहाणा भाचा, म्हणालो, “मामा, खरं म्हणजे त्यानं गोळ्या सोडल्या होत्या.”

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मंग मी काहून खातो बे?”

मी हसण्यावारी नेलं. मार्चमध्ये मामीचा फोन आला. दोन महिन्यांपासून गोळ्या बंद होत्या, आणि त्याला पुन्हा नागपूरला भरती करावं लागलं होतं.

सत्य सांगितलं हे चुकलं का? खूप वर्षं घोळवलं हे डोक्यात. आज वाटतं, मी सत्य सांगितलंच नव्हतं, एक सुटा आकडा सांगितला होता. नॅशसारखं बिनऔषधाचं बरं होणं विरळा, आणि तेही दोन-तीन दशकं हळूहळू झालं. घटस्फोटानंतरही १९७० मध्ये ॲलिशियाने त्याला घरात घेतलं, प्रिन्स्टनने आवारात फिरू दिलं. हे सगळं मी वगळलं. म्हणजे वगळण्याचा जो दोष आपण सिनेमाला देत होतो, तोच माझा होता. गोल्ड्समनचं वाक्य खोटंच आहे, पण ते कुणाच्या कानावर पडणार याचा विचार त्याने केला होता. मी केला नाही.

आणि आपल्याकडचं? २००४ मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘देवराई’ आला. कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी त्यामागे होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. अतुल कुलकर्णीचा शेष हा काही नोबेलवाला नाही. त्याच्याकडे आहे कोकणातली देवराई, आणि सोनाली कुलकर्णीने केलेली दमलेली, चिडणारी, तरी न सोडणारी बहीण. आजाराची किंमत वसूल व्हायला माणूस जीनियसच असला पाहिजे, अशी अट हा सिनेमा घालत नाही. मला तो जास्त मोठा वाटतो.

‘देवराई’ मी मामाला पुढच्या दिवाळीत दाखवला. बघून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, “हा आपल्यातला वाटते.” आणि मामीला हाक मारून पाणी मागितलं. रात्रीच्या गोळीसाठी.

मामा आज धानाची शेती बघतो. नॅश आणि ॲलिशिया २०१५ मध्ये एबल पुरस्कार घेऊन परतताना टॅक्सीच्या अपघातात गेले, ती बातमी मला त्यानेच फोन करून सांगितली.