हरकती आणि सूचना: शहराच्या नकाशातला नागरिकांचा वाटा

शहराचा विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीसेक वर्षांत कोणत्या जमिनीवर काय होणार, याचा कायदेशीर नकाशा. शाळा कुठे, मैदान कुठे, रस्ता किती रुंद, घरे कुठे आणि कारखाने कुठे, हे सारे त्यात ठरते. महाराष्ट्रात असा आराखडा पक्का होण्यापूर्वी लोकांच्या ‘हरकती व सूचना’ मागवाव्या लागतात. हा हक्क एकदम मिळालेला नाही. आधी तो जमीनमालकापुरता होता. पुढे तो कोणाही रहिवाशाला मिळाला, आणि त्याला धार आली ती गल्लीबोळांतल्या हौशी कार्यकर्त्यांनी नकाशे वाचायला सुरुवात केल्यावर.

1896 साली मुंबईत मांडवीच्या गोदी परिसरात प्लेग आला. दाट वस्ती हेच रोगाचे घर, असा निष्कर्ष सरकारने काढला आणि 1898 मध्ये कायदा करून ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याला नवे भूखंड पाडले. त्यात चाळीतल्या भाडेकरूला कोणी काही विचारले नाही. जमीनमालकाचे भांडणही मुख्यतः मोबदल्याचे असे. 1894 च्या भूसंपादन कायद्यात संपादनालाच हरकत घेण्याची सोय नव्हती. ती 1923 च्या दुरुस्तीने आली.

1915 चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याने ‘नगररचना योजना’ आणली. एका भागातल्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा वगळून नीटस भूखंड पाडायचे आणि ते मूळ मालकांना परत द्यायचे. कोणाला कुठला भूखंड आणि कोणी किती सुधार आकार भरायचा, याचा निवाडा लवाद करी. मालकाचे म्हणणे ऐकून घेणे इथे कामाचा भाग झाले. मात्र ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला या सुनावणीत जागा नव्हती.

त्याच सुमारास स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस भारतात आले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. आधी शहर पायी फिरून पाहावे, मग मोजकीच पाडापाड करावी, हा त्यांचा आग्रह होता. होळकरांच्या इंदुरात प्लेगच्या दिवसांत त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ असतील तिथून जाईल, असे जाहीर झाले. लोकांनी घरे झाडली, रंगवली, कचरा गाड्यांनी बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता आणि सफाई कामगारांनाही मानाचे स्थान होते. शहर सुधारण्याचे काम रहिवाशांच्या हातून करून घेता येते, हे यातून दिसले. कायद्यात मात्र ही दृष्टी फारशी उतरली नाही.

स्वातंत्र्यानंतर 1954 च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे नगरपालिकांवर बंधनकारक केले. त्यातून आलेल्या मुंबईच्या पहिल्या आराखड्याला 1967 मध्ये मंजुरी पूर्ण झाली. दरम्यान महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 आला. आजही कारभार चालतो तो याच कायद्यावर. आधी जमिनीच्या सध्याच्या वापराचे सर्वेक्षण करून नकाशा तयार होतो. मग कलम 26 खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठरलेल्या मुदतीत कोणीही लेखी हरकत नोंदवू शकतो. कलम 28 प्रमाणे नियोजन समिती सुनावणी घेते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ तिच्यात असतात. शेवटी कलम 31 खाली राज्य सरकार मंजुरी देते. पुढे शाळा, मैदान अशा कामासाठी राखलेल्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे असेल तर कलम 37 आहे. तिथेही जाहिरात आणि हरकती आल्याच.

हरकत घ्यायला आता मालकी लागत नसली तरी नकाशा वाचता येणे लागत होते. पहिली काही वर्षे ते काम वास्तुविशारद, वकील आणि सुशिक्षित मंडळींकडेच राहिले. बॅकबेच्या भरावाविरुद्ध 1970 च्या दशकात आवाज उठला. 1979 मध्ये श्याम चैनानी यांच्या पुढाकाराने ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ उभा राहिला. जुन्या इमारती आणि परिसरांना संरक्षण देणारी मुंबईची वारसा नियमावली 1995 मध्ये लागू झाली, त्यामागेही अशा गटांचा पाठपुरावा होता. त्यानंतर काम गल्लीपर्यंत उतरले. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये ओला-सुका कचरा वेगळा करण्यापासून सुरू झालेला प्रयोग महापालिकेने 1997 पासून ‘अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ (एएलएम) म्हणून शहरभर नेला. कचऱ्यासाठी जमलेले शेजारी मग पदपथ, मैदान आणि आरक्षित भूखंड यांवरही नजर ठेवू लागले.

नकाशा वाचण्याच्या या कसबाची मोठी परीक्षा मुंबईच्या 2014-34 च्या आराखड्यात झाली. महापालिकेने आधी जमीनवापराचे नकाशे लोकांसमोर ठेवले. स्वयंसेवक ते घेऊन आपापल्या वॉर्डात फिरले: नगर भूमापन क्रमांक जुळवायचा, नकाशातला रंग पाहायचा, समोर प्रत्यक्षात काय आहे ते पाहायचे आणि चूक फॉर्मवर लिहायची. कोळीवाडे आणि गावठाणे नीट दाखवलेली नाहीत, हे असेच उघडकीस आले. ‘अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट’ (यूडीआरआय) सारख्या संस्थांनी चुकांच्या याद्या केल्या. वस्त्यांतल्या संघटना ‘हमारा शहर’ अभियानातून एकत्र आल्या. आराखडा मराठीतून मिळावा, अशीही मागणी झाली. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रारूप प्रसिद्ध झाले तेव्हा आरे वसाहतीतला प्रस्तावित विकास, स्थानकांजवळचा वाढीव एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) आणि वारसावास्तूंवरून गेलेले रस्ते यांवर हरकतींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते प्रारूप बाजूला ठेवून फेरआखणीचा आदेश दिला. सुधारित आराखडा 2016 मध्ये आला आणि 2018 मध्ये मंजूर झाला. नोकरदार महिलांसाठी निवास, बेघरांसाठी निवारा आणि कौशल्य प्रशिक्षणासह ‘आधार केंद्र’ अशी आरक्षणे त्यात आली. महिला आणि वस्ती संघटनांनी अनेक बैठकांत मांडलेल्या मागण्यांचे हे फळ होते.

पुण्यात वाद टेकड्यांचा होता. 1997 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांच्या आराखड्यात 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे ‘बीडीपी’चे आरक्षण सुचवले गेले. ते टिकवण्यासाठी नागरिकांच्या गटांनी अनेक वर्षे रेटा लावला आणि 2015 मध्ये राज्य सरकारने ते कायम केले. शहराच्या जुन्या हद्दीच्या 2013 च्या प्रारूपावर सुमारे 87 हजार हरकती आल्या. पुढे सरकारने तो आराखडा महापालिकेकडून काढून शासननियुक्त समितीकडे दिला आणि 2017 मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

गोव्यात वाट थोडी निराळी होती. 2006 मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा 2011’ मध्ये शेते आणि डोंगरउतार वसाहतींना खुले झाल्याचे दिसताच ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले. डॉ. ऑस्कर रेबेलो त्याचे निमंत्रक होते. जानेवारी 2007 मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला. चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृती दलाने ‘आराखडा 2021’ तयार करताना गावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवले आणि ग्रामसभांतून मते मागवली. शेत कोणते, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) कोणते, हे गावकऱ्यांनीच दाखवायचे होते. पण 2012 मध्ये नव्या सरकारने हा आराखडाही स्थगित ठेवला. पुढे नगरनियोजन कायद्यात 16ब आणि 17(2) ही कलमे आली आणि एकेका अर्जावर भूखंडाचा झोन बदलण्याचा मार्ग खुला झाला. गावाने बसून काढलेल्या नकाशाला त्यामुळे पुन्हा धक्का बसला.

या सर्व प्रकरणांत एक गोष्ट सारखी दिसते. हरकतीने चूक दुरुस्त होते, वाईट प्रस्ताव थांबतो, क्वचित नवे आरक्षणही येते. आराखडा मुळात आखण्यात मात्र शहरातल्या रहिवाशाला अजून जागा नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या आणि महानगर नियोजन समित्या आणल्या, 2009 मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभांची, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांच्या सभांची, कायदेशीर तरतूद केली. पण बहुतेक शहरांत क्षेत्रसभा कागदावरच राहिल्या. ग्रामसभेला गावात जे स्थान आहे, तसे शहरातल्या वॉर्डाला मिळत नाही तोवर हरकतीची मुदत हीच नागरिकाच्या हातातली खरी सोय आहे, आणि ती चुकली तर पुढची वीस वर्षे तोच नकाशा चालतो.