मक्केचा डबा

अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासात येतं ते एका तहासाठी. ३० डिसेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि आर्थर वेलस्ली. त्या कागदात मुलूख आहे, किल्ले आहेत. पानमळ्यात राबणारा नाही, मेलेलं ढोर ओढणारा नाही. दोस्तहो, तहनामे लिहिणाऱ्यांनी आपली नोंद ठेवली नाही. म्हणून आपल्याला घरच्या पेटीतल्या वस्तूच दफ्तरासारख्या वाचाव्या लागतात.

माझ्या पेटीत लहानपणचा एक प्लास्टिकचा डबा आहे. कॅमेऱ्यासारखा, मुठीत मावणारा. डोळ्याला लावून उजेडाकडे धरला अन् बटण दाबलं की चित्र पुढं सरकतं. काबा. मदिनेचा हिरवा घुमट. अराफातचं मैदान. शेजारच्या खालानं हजहून आणला होता. तेव्हा हाजी लोक मुंबईहून मुघल लाईनच्या जहाजानं जिद्द्याला जात. १९९५ साली ती समुद्रवाट बंद झाली. खालानं एक डबा नातवाला दिला, एक मला. गावात आम्हाला वरून पाणी वाढणारे पुष्कळ होते. हातात हात लावून वस्तू देणारे थोडे.

चित्रातल्या पुरुषांच्या अंगावर न शिवलेली दोन पांढरी कापडं. सारे सारखे. मी विचारलं, "खाला, याच्यात महार कोणता वं?"

खाला म्हणे, "वहाँ कौन पूछता, बेटा!"

हे वाक्य मी पुढं इतिहासावर घासून पाह्यलं.

इस्लामी इतिहास सांगतो, की इ. स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर काब्याच्या छतावरून अजान दिली ती बिलालनं. बिलाल हबशी, एके काळचा गुलाम. ज्या शहरानं त्याला तापल्या वाळूत लोळवलं, त्याच शहराच्या डोक्यावर तो उभा राहिला. ही क्रांतीच होती. १९६४ साली माल्कम एक्स हजला गेला आणि गोऱ्या माणसांसोबत एका ताटात जेवून हरखला. पण ज्या देशात मक्का आहे, त्या सौदी अरबस्तानात गुलामगिरी कायद्यानं बंद झाली ती १९६२ साली. बिलालच्या अजानीनंतर तेराशे वर्षांनी!

आपल्याकडं काय झालं? १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. दाराजवळच्या तळ्यावर हातपाय धुतले, तर तळं बाटवलं म्हणून मुसलमानच धावून आले. पुढं पाकिस्तानच्या प्रश्नावरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी बंगालच्या १९०१ च्या जनगणनेचा दाखला दिला. अश्रफ, अजलाफ, आणि तळाला अरजल. हलालखोर, लालबेगी यांना मशिदीत मज्जाव, सार्वजनिक कबरस्तानात जागा नाही. आमच्या गावातही मैला उचलणारा एकजण कलमा पढणारा होता. पंगतीत त्याचं पान शेवटी अन् बाजूला.

हे सांगून मी कोणाच्या दंगलीला काठी पुरवत नाही. ज्यांनी आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांनी आपल्याला मोहल्ल्यावर चालून जायला सांगावं अन् आपण जावं, एवढे आपण खुळे नाही. खालाचा डबा मी जपला तो माणुसकीचा पुरावा म्हणून. पण पुरावा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. वर्षातून एकदा मैदानात सारखं होणं सोपं. गल्लीत परतल्यावर सारखं राहणं अवघड.

आणि हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या मैदानावर लाखो माणसं, अंगावर पांढरे कपडे. त्या मैदानातही कोणी कोणाला जात विचारली नाही. नंतर? सोयरीक जुळवताना आपण पोटजात हळूच विचारतोच ना? मोर्चात मांग, चांभार, मेहतर हवा, पण पोरगी देताना?

पोट्टेहो, भाषण ठोकण्याआधी एक करा. गावातल्या मेहतराच्या घरी जा, बसा, त्याच्या कपातला चहा प्या. तिथं कोणी बटण दाबून चित्र बदलत नसतं. ते आपल्यालाच बदलावं लागतं.