विक्रमी हिम आणि खरा विनाश : १८९५ चा अमेरिकी हिवाळा

मेक्सिकोच्या आखाताचा उत्तर किनारा हा ऊस, भात व कापूस यांचा उष्ण प्रदेश. १८९५ च्या फेब्रुवारीत १४ व १५ या तारखांना तेथे जे हिम पडले, त्याच्या नोंदी आजही आश्चर्याने वाचल्या जातात. ह्यूस्टन येथे २० इंच, गॅल्व्हेस्टन या बेटावरील नगरात १५ इंच, लुइझियानातील रेन येथे २४ इंच आणि न्यू ऑर्लिन्स येथे ८ इंच हिम साचले. त्यामुळे त्या हिवाळ्याचे नाव निघताच या हिमवर्षावाचेच स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या ऋतूतील खरी आपत्ती आदल्याच आठवड्यात फ्लॉरिडात घडून गेली होती, आणि तिचे कारण हिम नव्हते.

या दोन्ही घटनांचे मूळ एकच. हिमालयासारखी पूर्वपश्चिम पसरलेली पर्वतभिंत उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी नाही. त्यामुळे ध्रुवाकडील थंड हवा मैदानांवरून थेट आखातापर्यंत उतरू शकते. त्याच वेळी आखातावर कमी दाबाचा प्रदेश निर्माण झाला, तर दमट हवा या थंड थरावर चढून हिम पडते. तसे न झाल्यास नुसतीच कोरडी, घातक थंडी पडते. म्हणजे हिमासाठी थंडीच्या जोडीला ओलावाही लागतो. हिमाची जाडी हे थंडीचे माप नव्हे, आणि हानीचे तर नव्हेच.

फ्लॉरिडाचा अनुभव हेच सांगतो. १८९४ च्या डिसेंबरअखेर पहिला कडाका आला. त्यात संत्र्यांची फळे गोठली आणि झाडांची पाने गळाली, पण बहुतेक झाडे जगली. पुढे जानेवारी सौम्य गेला. रस चढू लागला, कोवळी पालवी फुटली. नेमक्या त्याच अवस्थेत, ७ व ८ फेब्रुवारी १८९५ रोजी, दुसरा कडाका आला. या वेळी साली फाटल्या व झाडे जमिनीपर्यंत मेली. म्हणजे दोन थंड लाटांमधील ऊबच बागांना घातक ठरली. ज्या राज्यात हंगामाला सुमारे ५० लाख पेट्या फळ निघत असे, तेथे पुढील हंगामात जेमतेम दीड लाख पेट्या निघाल्या. कर्ज काढून बागा उभारलेली अनेक कुटुंबे घरेदारे सोडून गेली. संत्र्यांच्या लागवडीचा केंद्रबिंदू दक्षिणेकडे सरकला. कडाक्यातून बचावलेल्या मायामी परिसराचे महत्त्व वाढले व एप्रिल १८९६ मध्ये हेन्री फ्लॅगलरची रेल्वे तेथे पोहोचली. ज्यूलिया टटल या बाईंनी फ्लॅगलरकडे संत्र्याचा ताजा मोहोर पाठविला, म्हणून रेल्वे आली, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला आख्यायिकेहून अधिक मोल देता येत नाही.

अलीकडील दोन घटनांनी या विवेचनास पुष्टी मिळते. २१ जानेवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर ८ इंच हिम पडले. फ्लॉरिडातील मिल्टन येथे ९ इंचांहून अधिक हिम साचून १९५४ चा ४ इंचांचा राज्यविक्रम मोडला. वाहतूक बंद पडली, अपघातांत काही बळीही गेले. तथापि काही दिवसांत हिम वितळले व व्यवहार सुरू झाले. याउलट फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनला हिम अगदी थोडे पडले. परंतु थंडीने वायुपुरवठा व वीजकेंद्रे निकामी केली, टेक्सासमधील ४५ लाखांहून अधिक घरे व व्यवसाय विजेवाचून राहिले, आणि राज्य शासनाच्या गणनेप्रमाणे २४६ माणसे मरण पावली. २०११ च्या थंडीनंतर वीजकेंद्रांना शीतसंरक्षण देण्याची शिफारस झाली होती. तिची पुरेशी अंमलबजावणी झाली नव्हती.

हवामानाच्या इतिहासात विक्रम सहज नोंदले जातात, कारण ते इंचांत मोजता येतात. आघाताच्या क्षणी झाड पालवीत होते की विश्रांतीत, यंत्रणा सज्ज होती की उघडी, हे मात्र तापमानाच्या तक्त्यात सापडत नाही. त्यासाठी बागाईतदारांचे हिशेब, कर्जाच्या वह्या व स्थलांतराच्या नोंदी यांच्याकडेच अभ्यासकाला वळावे लागते.